शरीर सगळं सांगस

आमच्या कार्यालयात नवीन माणूस रुजू झाला की पहिल्याच दिवशी त्याला दोन गोष्टी कळायच्या. एक, साहेबांची खोली कुठली. दुसरी, आप्पांच्या नजरेसमोर पोक काढून बसायचं नाही. पहिली गोष्ट शिपाई सांगायचा, दुसरी खुद्द आप्पा.

मला सांगितली ती अशी. शहाद्याच्या आमच्या कार्यालयात शेतकऱ्यांचे कालव्याच्या पाण्यासाठीचे अर्ज यायचे आणि ते कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझ्याकडे दिलं होतं. दुपारी मी स्क्रीनला नाक लावून बसले होते. मागून एकच शब्द आला, "मान." मी दचकून वळले. उंच, वाळक्या अंगाचा एक माणूस हातातली फाइल छातीशी धरून उभा होता. पांढरा शर्ट, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर पंचा. "ताई, कासव मान काढस तशी काढी बठी शेस," एवढं बोलून ते पुढच्या टेबलाकडे गेले आणि तिथेही तोच शब्द टाकून आले.

आप्पा आमचे वरिष्ठ लिपिक. नावानं त्यांना कुणी हाक मारत नसे, साहेबसुद्धा नाही. राहायला ब्राह्मणपुरीला. रोज एसटीनं यायचे, पण शहाद्याच्या स्टँडपर्यंत कधी बसून आले नाहीत. गावाबाहेरच्या फाट्यावर उतरायचे आणि उरलेला रस्ता पायी. चैत्र-वैशाखात शहाद्याचं ऊन कसं असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. रस्त्यानं जाणारा प्रत्येक मोटारसायकलवाला त्यांना ओळखायचा आणि गाडी हळू करून म्हणायचा, बसा आप्पा. आप्पा दोन्ही हात जोडायचे आणि चालत राहायचे. काही जण केवळ ते हात जोडणं बघायला गाडी हळू करत, असं कार्यालयातले आमचे नाना म्हणत.

कार्यालयात त्यांना खुर्ची होती, पण तिच्यावर फाइली बसायच्या. त्यांनी दोन लाकडी घोड्यांवर फळी टाकून छातीइतकं उंच टेबल करून घेतलं होतं आणि ते उभ्यानं लिहायचे. दमले की भिंतीला टाचा, पाठ आणि डोकं टेकवून डोळे मिटून उभे राहायचे. बाहेरचा माणूस आत आला की त्याला वाटायचं, यांना कुणी शिक्षा केली आहे.

लोकांना ते कसे आहात असं विचारत नसत. "झोप लागनी का? पोट साफ शे का?" हे त्यांचे दोन प्रश्न. पाण्याचा अर्ज घेऊन आलेला एखादा बागाईतदार, पांढऱ्या कपड्यांतला, चार माणसांत मान असलेला, त्याला सगळ्यांसमोर पोटाचं विचारलं की तो इकडेतिकडे बघायचा. पण उत्तर द्यावं लागायचं, कारण उत्तर मिळेपर्यंत आप्पा अर्जाला हात लावायचे नाहीत. साधी माणसं मात्र मोकळेपणानं सांगायची. व्हरांड्यात उकिडवे बसलेले शेतकरी असले की आप्पा आपली उंच फळी सोडून बाहेर यायचे, त्यांच्यासमोर तसेच उकिडवे बसायचे आणि तिथेच अर्ज वाचायचे. एकदा वरच्या कार्यालयातून आलेल्या अधिकाऱ्यांनी हे बघितलं आणि आमच्या साहेबांना विचारलं की हे कोण गृहस्थ. साहेब म्हणाले, आमचे वरिष्ठ लिपिक, आणि घाईनं त्यांना चहाकडे घेऊन गेले.

ही उकिडवं बसायची सवय त्यांनी सातपुड्यातल्या मोलगीहून आणली होती. नोकरीची सुरुवातीची वर्षं त्यांनी तिथे डोंगरात काढली. तिथली माणसं कशी चालतात, कशी बसतात, बाजारच्या दिवशी डोक्यावर टोपली घेऊन घाट उतरणाऱ्या बायकांची पाठ कशी सरळ असते, हे ते आम्हाला पुन्हा पुन्हा सांगायचे. त्या बायकांची पाठ त्यांना दिसायची. टोपलीत किती वजन आहे आणि ते रोज का वाहावं लागतं, हे त्यांच्या बोलण्यात कधी यायचं नाही. तेव्हा मला ते खटकलं नव्हतं. ते बोलायचेच इतक्या कौतुकानं.

मोलगीच्या बाजाराला ते अजूनही अधूनमधून जीपमधून जायचे आणि येताना डोंगरातली ज्वारी, भगर, आमचूर घेऊन यायचे. त्यांचा डबा म्हणजे ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, एखादी पालेभाजी, मूठभर शेंगदाणे आणि ठेचा. साखर त्यांनी सोडली होती, मैदा सोडला होता. मीठ मात्र सढळ. ठेच्यावर, काकडीवर, ताकात, वरून घालून घ्यायचे आणि म्हणायचे, उन्हात चालणाऱ्या माणसाला मीठ पाहिजे. जेवताना बोलायचे नाहीत. साहेबांचा फोन आला तरी घास पूर्ण चावून होईपर्यंत उचलायचे नाहीत. आमचे डबे उघडले की एक फेरी मारायचे. कुणाच्या डब्यात काय, हे त्यांना पाठ असायचं. मी घाईत आदल्या दिवशीची पोळी आणि लोणचं आणलं की माझ्यासमोर न बोलता मुळ्याची किंवा काकडीची फोड ठेवून जायचे.

नाना त्यांचे बरोबर उलटे. आमच्याच कार्यालयातले, जवळजवळ आप्पांच्याच वयाचे. शेवभाजीवर तर्री आणि जिलबीवर जिलबी. खुर्चीत असे रुतून बसायचे की उठताना खुर्चीही थोडी उठायची. आप्पा त्यांच्या टेबलापाशी थांबायचे, त्यांच्या पोटाकडे बघायचे आणि पुढे जायचे. नाना म्हणायचे, आप्पा, तुम्ही माझ्या पोटाला नजर लावाल. दोघांचं वर्षानुवर्षं हेच चाललं होतं आणि एक जण रजेवर असला की दुसऱ्याला करमत नसे.

आता आप्पांची गंमत करणं सोपं आहे. मीही केली आहे. पण माझी मान त्यांनी बरी केली, हेही सांगायला हवं. नोकरीला लागल्यावर काही महिन्यांतच माझ्या मानेपासून बोटांपर्यंत मुंग्या यायला लागल्या. डॉक्टरांनी गळ्याला पट्टा दिला. पट्टा लावून मी कार्यालयात गेले, तर आप्पा दुसऱ्या दिवशी एसटीतून पिशवीभर विटा घेऊन आले. विटा वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी माझा स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत आणला, पायाखाली पाट दिला, खुर्चीत पाठीमागे घडी केलेला पंचा लावला. अकराला आणि चारला फळीवर पट्टी आपटायचे, की सगळ्यांनी उठून अंगणातल्या कडुलिंबापर्यंत जाऊन यायचं. नानासुद्धा कुरकुरत जायचे. काही आठवड्यांनी मुंग्या थांबल्या. मी आभार मानायला गेले तर म्हणाले, "शरीर सगळं सांगस. ऐकनारा पाहिजे."

हे त्यांचं आवडतं वाक्य. कुणाचं डोकं दुखलं, कुणाला ढेकर आला, कुणाची टाच ठसठसली, की हे वाक्य यायचंच. त्यांचा त्यावर पूर्ण विश्वास होता. शरीर बोलतं, वेळेवर बोलतं, आणि जो ऐकतो त्याला काही होत नाही.

एका वर्षी मार्गशीर्षात ते आम्हा सगळ्यांना सारंगखेड्याच्या यात्रेला घेऊन गेले. पाळणे नाहीत, तमाशा नाही, सरळ घोड्यांच्या बाजारात. तापीवरून गार वारा येत होता आणि रांगेनं बांधलेले घोडे अंग थरथरवत होते. एक व्यापारी गिऱ्हाईकाला घोडा दाखवत होता. मानेचा बाक, पाठीची रेषा, खुरांची ठेवण, मग ओठ वर करून दात. आप्पा आम्हाला म्हणाले, बघा, घोडा घेताना माणूस काय काय बघतो, आणि सकाळी आरशात स्वतःचा फक्त भांग बघतो. तेवढ्यावर थांबते तर आप्पा कसले. गिऱ्हाईक गेल्यावर ते त्या व्यापाऱ्यासमोर जाऊन उभे राहिले आणि आ करून म्हणाले, अब मेरा देखो. आम्हाला वाटलं, आता भांडण होणार. पण तो फेटेवाला म्हातारा जराही हसला नाही. त्यानं आप्पांची हनुवटी धरून दात पाहिले, मागे जाऊन पाठीवरून हात फिरवला, पुढे येऊन गुडघ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "उमर तो हो गई है, पर जानवर उम्दा है." त्या दिवशी आप्पा इतके खूश होते, की परतताना नानांनी घेतलेल्या जिलबीकडे त्यांनी दुर्लक्ष केलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आमच्या कार्यालयात रक्तदाब आणि साखर तपासायला आरोग्य खात्याची माणसं आली. सगळी व्यवस्था आप्पांची. टेबलं त्यांनी लावली, पाण्याचा माठ भरून ठेवला, टाळाटाळ करणाऱ्या नानांना हाताला धरून रांगेत उभं केलं. नानांचा दाब जास्त निघाला. आप्पांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की नाना बिचारे खाली बघायला लागले. शेवटी सिस्टर आप्पांना म्हणाल्या, या, तुमचंही बघून घेऊ. आप्पा हसले. "माले काय व्हयनं शे? ज्याले शरीर सांगत नही त्याले मशीन पाहिजे." सिस्टरांनी दोनदा म्हटलं. आप्पा कडुलिंबापर्यंत चालून यायला निघून गेले.

पुढच्याच पावसाळ्यात, सकाळी घरी माठातून पाणी घेताना त्यांच्या हातातून पेला पडला. वाकून उचलायला गेले तर हात उचलेना. हाक मारायला गेले तर तोंडातून शब्द नीट येईना. उजवी बाजू गेली होती. त्यांच्या दोन्ही मुली लग्न होऊन सुरतेला. घरात फक्त त्यांची बायको. मुली आईला जिजी म्हणत, म्हणून आम्हीही जिजीच म्हणायचो. जिजींनी शेजाऱ्यांना बोलावून गाडीत घातलं, शहाद्याला आणलं, तिथून धुळ्याला नेलं. जीव वाचला. डॉक्टरांनी सांगितलं की रक्तदाब बरीच वर्षं वाढलेला असणार, हा आजार आधी काही कळू देत नाही, मोजल्याशिवाय समजत नाही.

ही बातमी शहाद्यात ज्या पद्धतीनं फिरली ती मला आजही आवडत नाही. चहाच्या टपरीवर, स्टँडवर, कार्यालयाच्या पायरीवर लोक तेच बोलत होते. एवढं चालून, एवढं पथ्य करून काय मिळालं? माणसानं खाऊनपिऊन मजेत राहावं हेच खरं. आप्पांनी ज्यांना ज्यांना साखरेवरून टोकलं होतं, ते सगळे सुटल्यासारखे बोलत होते. फक्त नाना बोलत नव्हते. ते आप्पांना बघायला ब्राह्मणपुरीला गेले आणि खाटेजवळ बसून एवढंच म्हणाले, "आप्पा, तुमले व्हयनं तं आमनं काय व्हई?" आप्पांनी मान भिंतीकडे वळवली. नाना दुसऱ्या दिवसापासून निमूट गोळी घ्यायला लागले.

मी गेले तेव्हाही आप्पा भिंतीकडे तोंड करूनच पडले होते. पडवीतली खाट, शेजारी स्टुलावर औषधं, आणि ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या माना सरळ केल्या त्यांची मान उशीवर एका बाजूला कलंडलेली. जिजींनी सांगितलं की ते व्यायाम करत नाहीत. फिजिओथेरपीवाल्यानं सगळं शिकवलं आहे, पण हात धरला की ओढून घेतात. जे ताटात येईल ते दोन घास खातात. बोलायला येतं थोडं, पण बोलत नाहीत. लोक भेटायला आले की डोळे मिटून घेतात.

त्यांना मरणाची भीती वाटत होती असं मला वाटलं नाही. लाज वाटत होती. आपण जगाला जे सांगत आलो ते खोटं ठरलं, अशी काहीतरी. मला त्यांना सांगायचं होतं की माझी मान तुम्हीच बरी केली, तुमच्या चालण्यामुळेच कदाचित जीव वाचला असेल. पण त्या पाठमोऱ्या माणसाला असलं काही सांगण्याचा धीर झाला नाही. मी आणलेले पेरू जिजींकडे दिले आणि परत आले.

नंतर मी सवड मिळेल तशी रविवारी जायला लागले. जिजी ठेंगण्या, हडकुळ्या, सतत काहीतरी करत असलेल्या. नवऱ्याला उठवायचं, बसवायचं, अंग पुसायचं, भरवायचं, सगळं त्या एकट्या. मुली येऊन राहून गेल्या, पण त्यांचेही संसार होते. जिजी कधी दमले म्हणाल्या नाहीत. चेहरा मात्र पिठासारखा पांढरट दिसायचा. मला वाटायचं, जागरणानं.

अशाच एका रविवारी सकाळी मी तिथे असताना जिजी आप्पांना खाटेवरून खुर्चीत बसवत होत्या. त्यांचा एक हात आप्पांच्या बगलेत, दुसरा कमरेला. मी मदतीला पुढे झाले, तेवढ्यात जिजींचे डोळे फिरले आणि त्या खाली कोसळल्या. त्यांच्याबरोबर आप्पाही घसरले. दोघं जमिनीवर. जिजी निपचित आणि आप्पा त्यांच्या शेजारी आडवे, एका हातानं त्यांचा खांदा हलवत. त्यांना जिजींना हाक मारायची होती. तोंडातून नुसता आवाज येत होता, शब्द होत नव्हता. त्या घरात मी ऐकलेला आप्पांचा तो पहिला आवाज.

शेजारच्या बाई धावत आल्या. आम्ही आप्पांना खाटेवर घेतलं आणि जिजींना रिक्षात घालून शहाद्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. त्या रस्त्यातच शुद्धीवर आल्या आणि परत चला म्हणायला लागल्या, त्यांचं औषध द्यायचं राहिलं आहे. दवाखान्यात रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, मग जिजींकडे बघितलं आणि मला विचारलं की या चालत्याफिरत्या कशा होत्या इतके दिवस. अंगात रक्तच नव्हतं. ते काही आजचं नव्हतं, कित्येक वर्षांचं होतं.

डॉक्टरीणबाईंनी जिजींना विचारलं, दिवसभरात काय खाता? जिजींनी बराच विचार केला, जणू कुणी परगावचा पत्ता विचारला आहे. मग म्हणाल्या, "जे उरस ते."

बाटली लावली, दोन दिवस ठेवून घ्यायचं ठरलं. जिजींजवळ शेजारणीला बसवून मी संध्याकाळी ब्राह्मणपुरीला परत आले. शेजारणीची सासू आप्पांपाशी बसली होती. आप्पा भिंतीकडे नाही, दाराकडे तोंड करून पडले होते. मी सगळं सांगितलं. रक्त कमी आहे, धोका टळला आहे, दोन दिवसांत घरी येतील. ते ऐकत होते. मग त्यांचे ओठ हलले. वाकड्या झालेल्या तोंडातून एकेक शब्द ओढून काढल्यासारखे ते म्हणाले,

"ती... काय... खास?"

मी त्या म्हातारीकडे पाहिलं. म्हातारी सहज बोलावं तसं सांगायला लागली. सकाळी चहा. मग तुमचा डबा. तुमची भाजी, तुमच्या शेंगा, तुमचं ताक. तुम्ही गेल्यावर घरातलं, गोठ्यातलं. दुपारी उरलीसुरली भाकरी चहात बुडवून. मुली लहान होत्या तेव्हापासून तसंच. पालेभाजी पुरायची नाही, ती तुमच्या डब्यात जायची. "तुमी कधी इचारं नही, तिनी कधी सांगं नही."

आमच्या कार्यालयातल्या प्रत्येक माणसाच्या डब्यात काय असतं हे या माणसाला पाठ होतं. मी लोणचं-पोळी आणली तर माझ्यासमोर मुळा ठेवणारा हा माणूस होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं आणि ते पुसायचा हात अंगाखाली अडकला होता. मी तो हात सोडवून दिला. त्यांनी डोळे पुसले नाहीत. त्या हातानं त्यांनी आपली उजवी मूठ धरली आणि बोटं एकेक करून उघडायला लागले.

जिजी घरी आल्या तेव्हा आप्पा व्यायाम करत होते. कुणी सांगितलं नव्हतं. ओल्या फडक्याचा बोळा करून पिळायचे, भिंतीवर बोटं चढवायचे, खाटेच्या दांडीला धरून उठायचा प्रयत्न करायचे, पडायचे, पुन्हा उठायचे. जिजी सावरायला पुढे झाल्या की डावा हात उंच करून त्यांना थांबवायचे. त्यांना एकच गोष्ट साधायची होती. आपल्याला उचलायला तिला वाकावं लागू नये.

दिवाळीनंतर ते काठी घेऊन उभे राहिले. शिमग्यापर्यंत घरातल्या घरात चालायला लागले. आणि चालायला लागल्यावर पहिल्यांदा कुठे गेले तर स्वयंपाकघरात. लग्नानंतर त्या खोलीत ते क्वचितच गेले असतील. तिथे खुर्ची टाकून बसायला लागले. जिजींचं ताट वाढलं जाईपर्यंत आपल्या ताटाला हात लावायचे नाहीत. अर्थात आप्पा ते आप्पाच. थोडक्यात काही करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. अंबाडीची भाजी, गूळ-शेंगदाणे, खजूर, लोहाची गोळी, गोळीनंतर लिंबाचं पाणी, यांचा त्यांनी जिजींवर असा मारा केला की एकदा त्या मला म्हणाल्या, "पहिले बरं व्हतं वं माय. ध्यान नव्हतं." म्हणताना त्या हसत होत्या. जिजींना हसताना मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. पण पुढे भाकरी थापता थापता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. चक्कर त्यांना कितीतरी वर्षं यायची. चुलीपाशी बसून घ्यायच्या, थांबायच्या, मग उठायच्या. सांगितलं का नाही, मी विचारलं. त्या म्हणाल्या, त्यांचं सगळं इतकं ठरलेलं असायचं, त्यात माझं कुठे घालायचं ते समजायचं नाही.

निवृत्तीला थोडेच महिने उरले असताना आप्पा पुन्हा कामावर आले. एसटीनं थेट स्टँडपर्यंत आणि तिथून नानांच्या स्कूटरवर मागे बसून. उंच फळी काढून टाकली होती. त्यांना पाठ टेकायची खुर्ची दिली आणि ते तिच्यात मुकाट बसले. पहिले काही दिवस सगळे फार जपून वागत होते. मग एका सकाळी ते आमच्या टेबलांकडे बघत राहिले आणि जड जिभेनं म्हणाले, मान. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसलो, आणि सगळ्यांनी पाठी सरळ केल्या.

त्यांच्या अंगातलं काही गेलं नव्हतं, पण प्रश्न बदलला होता. अर्ज घेऊन येणाऱ्याला आता ते पोटाचं विचारत नसत. दाब तपासला का, हे विचारायचे, आणि नसेल तर रस्त्यापलीकडच्या दवाखान्याकडे बोट दाखवायचे. आणि मग दुसरा प्रश्न. "घरमा सगळ्यासना मांगे कोन जेवस?"

या प्रश्नानं लोक पूर्वीच्या प्रश्नाहून जास्त गोंधळायचे. पाण्याच्या अर्जाशी याचा काय संबंध? व्हरांड्यात एकदा एक म्हातारा शेतकरी टोपी मागे सारून डोकं खाजवत म्हणाला, बायको, आणखी कोण. आप्पा म्हणाले, "मंग आज तू मांगे जेव." म्हातारा म्हणाला, मग भाजी उरायची नाही. आप्पा नुसते त्याच्याकडे बघत राहिले. त्याच्या मागे रांगेत उभे असलेले दोघे-तिघे उगाच पायांकडे बघायला लागले. म्हाताऱ्याचं काम झालं, तो गेला. घरी जाऊन त्यानं काय केलं, मला माहीत नाही.

मी घरी आल्यावर आईला हाच प्रश्न विचारला होता. ती म्हणाली, काय वेड्यासारखं विचारतेस. त्या दिवसापासून आम्ही दोघी एकदमच बसतो.

आप्पा निवृत्त झाले. माझी बदली नंदुरबारला झाली आणि भेटी कमी झाल्या. मागच्या महिन्यात आईच्या दाबाच्या गोळ्या आणायला मी तिला घेऊन शहाद्याच्या त्याच सरकारी दवाखान्यात गेले होते. मोठी रांग होती. बाकावर आप्पा आणि जिजी बसलेले दिसले. जिजींनी हिरवं लुगडं नेसलं होतं, अंग भरलं होतं, मी आधी त्यांना ओळखलंच नाही. आप्पा काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. उजवा खांदा थोडा खाली, तोंड अजून जरा वाकडं.

आतून आप्पांचं नाव पुकारलं. ते उठले, दारापर्यंत गेले आणि सिस्टरांना म्हणाले, "पहिले हिले तपासा." सिस्टर म्हणाल्या, आजोबा, नंबर तुमचा आहे. आप्पा दारातून हलले नाहीत. शेवटी जिजी पदर सावरत उठल्या आणि आत गेल्या. आप्पा बाहेर उभे. मी खुर्ची दिली, ते बसले नाहीत.

थोड्या वेळानं जिजी कागद घेऊन बाहेर आल्या. आप्पांनी कागद घेतला, डोळ्यांपासून लांब धरून वाचला, पुन्हा वाचला. मग शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला म्हणाले, "हिनं रगत वाढनं." तो माणूस म्हणाला, हो का. आप्पा पुढच्याला सांगायला गेले. मग औषधाच्या खिडकीतल्या मुलीला. मग कडेवर लेकरू घेऊन उभ्या असलेल्या एका बाईला. शब्द जड होते, अर्ध्या लोकांना ते नीट कळतही नव्हते, पण आप्पा प्रत्येकापुढे कागद धरत होते. जिजी लाजेनं लाल होऊन त्यांच्या मागे मागे जात होत्या, बाही ओढत होत्या, चला म्हणत होत्या. सिस्टर दारातून आप्पांचं नाव पुन्हा पुकारत होत्या. आप्पा तोवर फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत पोचले होते.